मदत हवी आहे: पिक बदलू की अ‍ॅम्पची सेटिंग? एकट्यानं वाजवताना भरदार, बँडमध्ये मात्र आवाज हरवतो

सहावी तार

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटारच्या टोनबद्दल एक गुंता सुटत नाहीये, म्हणून हा धागा.

माझी मांडणी साधी आहे. तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबकी गुंडाळ्यांची) गिटार, मध्ये एक ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाजाला खरखरीत धार देणारं), आणि १२ इंची एकच स्पीकर असलेला ट्यूब अ‍ॅम्प. पॉवर ट्यूब ६एल६, टोनचे नॉब बास, मिड, ट्रेबल, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर. बरीच वर्षं नायलॉनचा ०.६० मिमीचा पिक (तारा छेडायची छोटी चकती) वापरला. कॉर्ड वाजवायला तो अजूनही फार आवडतो, पण सोलो वाजवताना प्रत्येक सुराआधी प्लास्टिकची ‘टिक’ ऐकू येते आणि सूर मागून, बारीक येतो. म्हणून १.३८ मिमीचा छोटा टोकदार पिक घेतला. खोलीत एकटा वाजवताना त्यानं कमाल केली. सूर गोल, भरलेला, ‘टिक’ जवळपास नाही.

पण ड्रम आणि बास गिटार सोबत आले की तोच गोल सूर कुठं जातो कळत नाही. ट्रेबल वाढवला की मी स्वतःला ऐकू येतो, पण समोर बसलेले म्हणतात कानात टोचतंय. शिवाय जाड पिकनं खालच्या तीन तारांवर ‘खर्र’ असा घासल्याचा आवाज येतो, तो पातळ पिकला नव्हता.

यातलं पिकचं किती आणि अ‍ॅम्पचं किती? आधी काय पक्कं करायचं? आणि पिकची फक्त जाडी महत्त्वाची की तो कशाचा बनलाय हेही?

---

अनाहत

पिकपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन तिथल्याच आहेत.

पिक तारेला बाजूला ओढतो आणि सोडतो. सोडण्याच्या त्या क्षणी तारेचा आकार कसा आहे, त्यावर कोणते स्वरांश (मूळ सुरासोबत निघणारे त्याचे वरचे सूर, हार्मोनिक्स) किती जोरात निघणार ते ठरतं. टोक अणकुचीदार असेल तर तार एका बिंदूपाशी कोन करून वाकते आणि वरचे स्वरांश भरपूर येतात. टोक गोलसर असेल तर तोच कोन बोथट होतो आणि सूर मऊ लागतो. पातळ पिक स्वतःच वाकतो, त्यामुळे तार कमी ओढली जाते आणि सुराची ताकद घटते. प्लास्टिक तारेवर आपटल्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून तुम्हाला ‘टिक’ मोठी आणि सूर लहान वाटत होता. तारांवरून सपासप हात फिरवताना हाच गुण उपयोगी पडतो, कारण पिक अडत नाही आणि सगळ्या तारा सारख्याच जोरात वाजतात. कॉर्डसाठी तो आवडतो हे बरोबरच आहे.

‘खर्र’ वेगळी. खालच्या तीन तारांवर बारीक तारेची गुंडाळी असते. पिक तारेला समांतर धरला तर तो सपाट पृष्ठभागानं तार ओलांडून जातो. तिरका धरला तर कड त्या गुंडाळीवरून करवतीसारखी सरकते. जाड पिक तिरका धरण्याकडे हाताचा कल होतो, कारण सरळ धरला तर तो अडकतो. कोन थोडा कमी करून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर पिकची कड अगदी बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा. नवीन पिकच्या कडेवर साच्याची रेघ राहिलेली असते, ती गेली तरी बराच फरक पडतो.

कशाचा बनलाय हेही महत्त्वाचं आहे, पण माझ्या मते जाडी, टोकाचा आकार आणि कड यांच्यानंतर. नायलॉन लवचिक, त्याच जाडीत जास्त वाकतं. सेल्युलॉइड कडक, आवाज मोकळा, पण झिजतं लवकर. अ‍ॅसिटल, म्हणजे डेल्रिन, घामातही बोटांतून सहसा सटकत नाही आणि तारेवरून सहज निसटतं. डनलॉप कंपनीचे टॉर्टेक्स पिक याच प्रकारातले, १९८१ साली कासवाच्या कवचाला पर्याय म्हणून आलेले. त्याआधी हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाचे पिक नावाजलेले होते, पण आंतरराष्ट्रीय करारानं त्या कवचाचा व्यापार बंद झाला, आणि ते योग्यच झालं.

एक गोष्ट मात्र पिक विकत घेण्याआधी करा. हात हलवा. मोकळी तार बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बरोबर मध्यावर, छेडली की सगळे सम क्रमांकाचे स्वरांश गळतात आणि आवाज पोकळ होतो. ब्रिजकडे, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथं टेकतात तिकडे, सरकत गेलात की वरचे स्वरांश वाढत जातात. दोन सेंटिमीटर सरकल्यानं जो फरक पडतो तो कित्येकदा दोन पिकमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

---

मधला सप्तक

वरचं सगळं मान्य. पण बँडमध्ये आवाज हरवतो हा प्रश्न पिकचा नाही, आणि पिक बदलून तो सुटणारही नाही.

कमी आवाजात आपल्या कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर, अशी दोन्ही टोकं कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून खोलीत एकटे वाजवताना आपण बास आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड उतरवतो. भारी वाटतं. तीच सेटिंग मोठ्या आवाजात नेली की दोन्ही टोकं अंगावर येतात. खाली बास गिटार आणि किक ड्रम बसलेले, वर झांजा, आणि गिटारची जी स्वतःची जागा, म्हणजे मधली पट्टी, ती आपणच रिकामी करून ठेवलेली. तुमची सहावी तार ८२ हर्ट्झला वाजते. तो भाग बास गिटारला देऊन टाका, तुमचं काही बिघडणार नाही.

तुमचा अ‍ॅम्प वर्णनावरून फेंडर वळणाचा वाटतो. त्या जातीच्या टोन सर्किटमध्ये तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी आवाज सपाट नसतो, मधल्या पट्टीत खड्डा असतोच. त्यामुळे मिड १० वर नेणं यात अतिरेक काही नाही. मिड पूर्ण, बास ३, ट्रेबल ५ इथून सुरुवात करा आणि ड्रम वाजत असतानाच बदल करा, एकट्यानं नाही.

ओव्हरड्राइव्हचा गेन, म्हणजे सिग्नल किती चढवायचा तो नॉब, तोही उतरवा. गेन जितका जास्त तितका हलका आणि जोरकस आघात यांतला फरक दाबला जातो, सगळंच एका पातळीला येतं. शेवटी सुराचं डोकं वर निघतं ते आघातामुळे, आणि तो आघातच तुम्ही दाबताय.

आणि अ‍ॅम्प कुठं ठेवलाय? जमिनीवर, तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून असेल, तर टोचण्याचं कोडं तिथंच सुटतं. १२ इंची स्पीकर वरचे स्वर सरळ पुढं, अरुंद झोतात फेकतो. तुमच्या कानापर्यंत ते पोचत नाहीत म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेल्याला तो झोत थेट कानात मिळतो. अ‍ॅम्प उंच ठेवा किंवा मागे कलता करा. जे त्यांना ऐकू येतं तेच तुम्हाला येऊ द्या.

---

सहावी तार

दोघांचे मनापासून आभार. अ‍ॅम्प जमिनीवरच असतो. हे करून पाहतोच.

पण तुलना करायची कशी? पिक बदलला की हातही आपोआप बदलतो. पातळ घेतला की मी जोर लावतो, जाड घेतला की हलका होतो. फोनवर रेकॉर्ड केलं तर सगळे पिक सारखेच वाटतात.

---

गुंडाळी

फोन यासाठी वापरू नका. बहुतेक फोन मोठा आवाज आपोआप खाली आणि लहान आवाज वर करतात, आणि पिकचा फरक नेमका तिथंच असतो.

लूपर पेडल (वाजवलेली ओळ साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारं) मिळालं तर उत्तम. ते पेडलच्या साखळीत सगळ्यात पुढं लावा, गिटारच्या लगेच नंतर, ओव्हरड्राइव्हच्याही आधी. एक छोटी ओळ वाजवून लूप करा. मग गिटार खाली ठेवा, अ‍ॅम्पसमोर ऐकणारा जिथं बसतो तिथं उभे राहा, आणि नॉब फिरवा. आता हात तोच, पिक तोच, बदलतंय ते फक्त अ‍ॅम्पचं. नंतर उलट करा. अ‍ॅम्पला हात लावायचा नाही आणि तीच ओळ दुसऱ्या पिकनं लूप करायची. लूपर ठेवायचा तर दोन्ही वेळा साखळीत ठेवा, कारण त्याच्या बफरमुळे (आतल्या सिग्नल सांभाळणाऱ्या सर्किटमुळे) केबलवरचा भार बदलतो आणि ट्रेबलही थोडा बदलतो.

याचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात असावं असं मला वाटतं. कमी आवाजात वाजवताना तुम्ही एकटा अ‍ॅम्प ऐकत नसता. तारांचा थेट आवाज, पिकची ‘टिक’, लाकडाचा आवाज हे सगळं कानावर पडत असतं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्यानं उतरतो, म्हणजे ‘टिक’चा वरचा, काचेसारखा भाग स्पीकरमधून फारसा बाहेर पडतच नाही. ड्रमसोबत वाजवताना तारांचा थेट आवाज बुडतो आणि उरतो तो फक्त स्पीकर. म्हणजे खोलीत तुम्ही ज्या पिकला पसंती दिलीत तो आवाज बँडमध्ये कधी नव्हताच. लूप वाजत असताना तारा गप्प असतात, त्यामुळे पहिल्यांदाच खरी तुलना होते.

---

अनाहत

हे फार नेमकं आहे. ‘टिक’बद्दल मी वर जे लिहिलं ते खोलीतल्या ऐकण्यालाच जास्त लागू पडतं.

ज्यांचा टोन आपण लांबून ओळखतो त्यांच्याकडे पिक आणि अ‍ॅम्प अशी जोडीच दिसते. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे ब्रिटिश सिक्सपेन्सच्या नाण्यानं वाजवतात. ते नाणं चलनातून १९८० मध्येच गेलं, ते आजही वापरतात. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात, म्हणजे तुमची ती ‘खर्र’ त्यांनी मुद्दाम घेतली आहे. पण पुढं ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर चढवणारं पेडल) आणि वॉक्स एसी३० अ‍ॅम्प, तोही जोरात चढवलेला. ईएल८४ ट्यूबचा तो अ‍ॅम्प चढला की आघाताचं टोक गोल करतो, आणि खरखरीचं रूपांतर शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनासारखं होतं. आवाज कमीजास्त करतात ते गिटारच्या नॉबवरून. तेच नाणं एखाद्या स्वच्छ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर, म्हणजे रोलंड जेसी-१२० सारख्यावर, वाजवलं तर सगळी खरखर उघडी पडेल.

दुसऱ्या टोकाला जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी. पिक नाहीच, अंगठा. तिथं आघात मांसल बोटाचा, म्हणून वरचे स्वरांश मुळातच कमी. गिटारवादक एरिक जॉन्सन छोटा जॅझ थ्री पिक वापरतात, तुमच्या १.३८ च्याच जातीचा, आणि त्यांचा सूर बँडमध्ये कुठंही हरवत नाही. म्हणून म्हणतो, तुमचा पिक चुकीचा नाही.

---

जोडतार

थोडक्यात भर. गिटारवरचा व्हॉल्यूम ६-७ वर आणला की सिंगल कॉइलवरही ट्रेबल गळतो, आणि केबल लांब असेल तर आणखी. सेटिंग ठरवताना गिटारचा नॉब नेहमी जिथं असतो तिथंच ठेवा, नाहीतर दोष पिकवर जाईल. त्या नॉबवर छोटा कपॅसिटर बसवून ही गळती कमी करता येते, याला ट्रेबल ब्लीड म्हणतात.

---

सहावी तार

मंडळी, लूपर उसना आणून सगळं करून पाहिलं. जसं घडलं तसं लिहितो, कोणाला उपयोग होईल.

स्वच्छ आवाजात ०.६० आणि १.३८ यांतला फरक लूपमध्येही स्पष्ट आहे. पातळ पिकला सुराची सुरुवात पसरट, जाडला एकदम ठाम. ओव्हरड्राइव्ह चालू केल्यावर सुराच्या अंगातला फरक जवळपास मिटला, फक्त सुरुवातीचा राहिला. गेन निम्म्यावर आणला तर तो फरक पुन्हा दिसायला लागला. ‘टिक’ मात्र स्पीकरमधून इतकी कमी आली की मला आश्चर्य वाटलं.

अ‍ॅम्प उंच ठेवला. मिड १०, बास ३, आणि ट्रेबल ४ च्याही खाली, कारण आता मलाच टोचत होतं. ड्रमसोबत पहिल्यांदा सूर बाहेर आला, तोही एकूण आवाज न वाढवता. खोलीत एकट्यानं ऐकली तर ही सेटिंग मला नाकातून बोलल्यासारखी वाटते, पण बँडमध्ये तीच बरोबर बसते. ‘खर्र’ कोन कमी केल्यावर बरीच गेली. कड पॉलिश केल्यावर उरली ती वाजवणाऱ्याला ऐकू येण्याइतकीच.

एक अडचण आहे. या पिकनं जलद कॉर्ड वाजवताना हात अडतो. त्यासाठी पुन्हा पातळ पिक जवळ ठेवायचा का? गाण्याच्या मध्येच बदलणं जमत नाही.

---

गुंडाळी

दोन पिक नकोत. जाड पिक सोलोला टोकाजवळ धरता तसाच कॉर्डला धरलात तर अडणारच. कॉर्डच्या वेळी दोन बोटांतली पकड सैल सोडा, म्हणजे पिकऐवजी पकड लवते. तुमचा पिक लहान आहे, त्यामुळे धरायला जागा कमी मिळते आणि बोटं आपोआप आवळली जातात. त्याच जातीचा मोठ्या आकाराचा पिक मिळतो, किंवा नेहमीच्या आकाराचा १ मिमीच्या आसपासचा अ‍ॅसिटल घ्या. मग कॉर्डसाठी तो बोटांत फिरवून गोल खांद्यानं, म्हणजे टोकाऐवजी बाजूच्या गोलसर कोपऱ्यानं, वाजवता येतो आणि सोलोसाठी पुन्हा टोकावर आणता येतो. फिरवण्याचा सराव हळू लयीत करा, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत. आणि लूपर परत देण्याआधी खांद्यानं वाजवलेल्या कॉर्डचा एक लूप मिड १० वर नक्की ऐकून घ्या. गोल खांद्यानं वरचे स्वरांश कमी होतात, तेव्हा कॉर्डसाठी ट्रेबल अर्धा-एक अंक चढवावा लागेल.