मदत हवी आहे: लकव्यानंतर वडिलांची गावाकडे काळजी, मोबाइल नेमका कुठे उपयोगी पडेल?

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त पुण्यात. आईवडील शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दिवाळीनंतर अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. गावाजवळच्या एका दवाखान्यात जिभेखाली गोळी ठेवून 'बीपी उतरू द्या' म्हणत बसवून ठेवलं. तिथे सीटी स्कॅन नव्हतंच. धुळ्याला पोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळली होती. तो राग वेगळा, आज विषय पुढचा आहे.

आता अण्णा घरी आहेत. काठी आणि आईचा खांदा धरून ओट्यापर्यंत येतात. समजतं सगळं, पण तोंडातून 'काय व्हयनं, काय व्हयनं' एवढंच निघतं. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी आणि रोज व्यायाम सांगितलाय. मधल्या वेळेत तपासण्या व्हिडिओ कॉलवर करू म्हणाले. सोय चांगली, पण आमच्या घरात रेंज धाब्यावर (म्हणजे छतावर) गेल्याशिवाय मिळत नाही, आणि अण्णांना जिना चढवणं शक्य नाही. आई फोन उचलते, हिरवं बटण-लाल बटण एवढंच तिला येतं. अण्णांचा फोन उजव्या अंगठ्यानेच उघडायचा, आता तो अंगठा टेकतच नाही. व्हॉइस कमांडला पूर्वीही त्यांची अहिराणी कळत नव्हती, आता तर प्रश्नच मिटला.

सुरतचा शालक म्हणतो स्मार्ट घड्याळ घे, बीपी, ठोके सगळं तुझ्या फोनवर दिसेल. फॅमिली ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो, परवाचा कबुतराचं रक्त चोळण्याचा होता. मला एवढंच कळून घ्यायचंय की यातलं खरंच कामाचं काय आणि आईच्या डोक्यावर नवीन ओझं काय. पुन्हा झटका आला तर आईने फोन कोणाला, कसा करायचा, हेही पक्कं करायचंय.

तापीकाठ:
त्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा. चेहरा वाकडा, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं या खुणा सगळ्यांना सांगितल्या जातात, पण अण्णांचं तोंड आणि हात आधीच तसे आहेत. म्हणून आज, ते बरे असताना एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा: हसताना, दोन्ही हात उचलताना, 'काय व्हयनं' म्हणताना. उद्या काही बदललं असं वाटलं तर तुलना करायला तोच उपयोगी. दर महिन्याला नवा काढा, कारण सुधारणा होत जाते.

झटका आला तर 108, नाहीतर गाडी, आणि थेट सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी. निघतानाच तिथे फोन करायचा म्हणजे ते तयार राहतात. ते पहिलं विचारतील, 'शेवटचे नीट कधी होते?' ती वेळ आईला सांगता आली पाहिजे. जिभेखाली गोळी नाही, घरी अ‍ॅस्पिरिन नाही (गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही) आणि घोटभर पाणीसुद्धा नाही, ठसका लागून फुफ्फुसात जाऊ शकतं. रात्री दोनला कोणाची गाडी निघणार, हे आजच ठरवा. कुठलंही अ‍ॅप ते करणार नाही.

शेवभाजी_धुळे:
घड्याळाचा मोह टाळा. मनगटावरच्या बीपीच्या आकड्यावर गोळी कमीजास्त करू नका. ठोके अनियमित असल्याची सूचना मात्र आली तर डॉक्टरांना सांगा, इसीजी काढून खात्री होते. हृदयाचा तो प्रकार असेल तर गोळीच बदलते. दंडाला पट्टा बांधायचं साधं मशीन घ्या. पट्टा डाव्या हाताला, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, चहा-तंबाखूनंतर लगेच नाही. आईने आकडा लिहायचासुद्धा नाही, मशीनच्या पडद्याचा फोटो काढायचा. फोटो आपोआप शेअर होण्याची सोय फोनमध्ये एकदा लावून द्या, मग रेंज आली की तो तुमच्याकडे जातो.

फोनचं म्हणाल तर डाव्या अंगठ्याचा ठसा टाका. पहिल्या पडद्यावर तुमचा, गाडीवाल्याचा आणि धुळ्याच्या दवाखान्याचा मोठा फोटो लावून थेट कॉल. बाकी सगळं उडवा.

ओट्यावरची:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. रेंज नसेल तर लाइव्ह व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. फिजिओला एकदा घरी बोलावून व्यायाम आईच्या फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या, तिच्याच खोलीत, अण्णांच्याच खाटेवर. अण्णांनी केलेला व्यायाम आठवड्यातून एकदा शूट करून पाठवा, मी पाहून सुधारणा सांगते तशी कोणताही फिजिओ सांगेल. एक गोष्ट मात्र व्हिडिओत सांगूनही लोक चुकतात: उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो.

आणि फार आशाही लावून घेऊ नका. अ‍ॅटेंड नावाचा भारतातला अभ्यास 2017 साली आला. 14 रुग्णालयांतले 1250 रुग्ण, घरच्यांना व्यायाम शिकवून घरीच करून घेतले, तरी सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारापेक्षा फरक दिसला नाही. म्हणून व्यायाम सोडायचा नाही, पण आईच्या जोडीला माणूस ठेवा. ती एकटी दमेल.

तापीकाठ:
स्प्रिंट इंडिया या लकव्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासाचंही तसंच. 31 केंद्रं, 4298 रुग्ण, 12 भाषांत एसएमएस, व्हिडिओ, पुस्तिका. 2023 ला निष्कर्ष छापून आले: वर्षभरात पुन्हा झटका येण्यात फरक नाही, पण गोळ्या घेण्याचं आणि व्यसन सोडण्याचं प्रमाण सुधारलं. मला तरी ते कमी वाटत नाही. अण्णांचा तंबाखू सुटला का?

कानबाईचा_भाऊ:
बोलण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या काकांना असंच झालं होतं. शब्द निघत नव्हता, पण हरिपाठ लागला की सोबत अख्खी ओळ म्हणायचे. गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करून रोज वाजवा, ओळीच्या शेवटी थांबवा आणि त्यांना पूर्ण करू द्या. गाणं बोलण्याच्या थोडं वेगळ्या वाटेने येतं म्हणतात. हे वाचाउपचार तज्ज्ञाची जागा घेत नाही हं. तो गावात नसेल तर महिन्यातून एकदा शिरपूरला रेंजमध्ये बसून व्हिडिओवर करा. अहिराणीतल्या शब्दांचे फोटो, बैल, बाजरी, शेवगा, असे स्वतःच काढा. अ‍ॅपमधले सफरचंद-विमान कशाला?

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. मशीन मागवलंय, घड्याळ रद्द. डाव्या अंगठ्याचा ठसा आजच भाच्याकडून टाकून घेतो. तंबाखू सुटलेला नाही, आई लपवून ठेवते आणि अण्णा शोधून काढतात, तेवढं मात्र व्यवस्थित चालू आहे.

ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्याची सेवा) गावच्या आरोग्य केंद्रातून सल्ला घेतलेलं कोणी आहे का? तातडीसाठी नाही, गोळ्या लिहून घेणं आणि बीपी दाखवणं यासाठी. आणि शिरपूर-थाळनेर बाजूला घरी येणारे फिजिओ माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा.