रॅमचे भाव कडाडलेत, तरी डेस्कटॉप जुळवायचाय: प्लॅटफॉर्म कोणता, भाग कोणत्या क्रमाने?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. दिवसभर प्रोग्रॅमिंग (दोन व्हर्च्युअल मशीन कायम चालू), आठवड्यातून दोनदा कॅमेऱ्याच्या फोर-के एच.२६५ (दाबून साठवलेला व्हिडिओ) फुटेजचं एडिटिंग आणि अधूनमधून १०८०पी वर गेम, एवढ्यासाठी मशीन हवं आहे. हाताशी डीडीआर४ (जुन्या पिढीची रॅम) ३२०० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबीची साटा एसएसडी आणि ५५० वॉटचा जुना मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा, आहे.

नव्या पिढीच्या डीडीआर५ चा ३२ जीबीचा जोड घ्यायचा तर निम्मं बजेट तिथेच संपतं. मग एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, त्यात डीडीआर५ च चालते) बोर्डावर १६ ची एकच स्टिक लावून सुरुवात करावी, की जुन्या डीडीआर४ भोवती मशीन बांधावं? भाग एकेक करून मिळतात आणि शेवटचा येईपर्यंत पहिल्याची परतीची मुदत उलटते, त्यावर काय करता? आणि भाव उतरेपर्यंत थांबण्यात अर्थ आहे का?

सुटेभाग

आधी थांबण्याबद्दल. जगातली बहुतेक डीरॅम (रॅम स्टिकवरच्या चिप) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांनीही आपली बरीच क्षमता एचबीएमकडे, म्हणजे एआय सर्व्हरच्या वेगवान मेमरीकडे, वळवली आहे. तितक्याच जीबीसाठी एचबीएमला डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर (चिप ज्यातून कापतात ती सिलिकॉनची तबकडी) लागतं, म्हणून तुमच्या-आमच्या स्टिकसाठी माल कमी उरतो. डीडीआर४ चं उत्पादन तर आवरतंच घेतलंय, त्यामुळे तीही महागली.

सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर होणारं इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेल्या ग्राफिक्स कार्डांनी बाजार भरून गेला. यावेळी तसं होईल या आशेवर राहू नका. एचबीएम प्रोसेसरच्या शेजारी त्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते. ती काढून कुणी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये घालू शकत नाही. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. कामाला मशीन आत्ता हवं असेल तर आत्ताच बांधा.

टंचाईच्या काळात मेमरी ठरवते की बोर्ड कोणता, आणि बोर्ड ठरवतो की प्रोसेसर कोणता. तुमच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आहे, ती वापराच. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि डीडीआर४ चा बी५५० बोर्ड ही जोडी तुमच्या कामाला पुरेल. फक्त ५६०० मध्ये डिस्प्ले (अंगभूत ग्राफिक्स) नाही, ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत स्क्रीनवर काही दिसणार नाही. ५६००जी मध्ये डिस्प्ले आहे, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी, म्हणजे ५६०० च्या निम्मी, आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड, एसएसडी जोडायची वाट) ३.० वरच थांबते.

तापमापक

डीडीआर४ शी सहमत, पण एच.२६५ फुटेज आहे म्हटल्यावर इंटेल बघा. आय५-१२४०० घ्या, शेवटी 'एफ' नसलेला. त्यात यूएचडी ७३० हे अंगभूत ग्राफिक्स आहे. त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा भाग) १०-बिट ४:२:२, म्हणजे जास्त रंगतपशिलाचं, एच.२६५ हार्डवेअरमध्ये उलगडतं, आणि आजचे बरेच कॅमेरे नेमकं तेच फुटेज देतात. हे काम सीपीयूवर पडलं तर टाइमलाइन अडखळते. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमधला व्होल्टेजचा घोळ १२४०० च्या बाराव्या पिढीत नाही.

बोर्ड बी६६० किंवा बी७६०, चार रॅम स्लॉटचा. इथे हमखास चूक होते: एकच मॉडेल डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघतं. नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' आहे याची खात्री करा. दोन्ही प्रकारच्या स्टिकची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची बसतच नाही.

आत्ता दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. दोन व्हर्च्युअल मशीन आणि एडिटिंग एकत्र चालवलं की १६ जीबी अपुरी पडेल, मग तशाच ८ च्या आणखी दोन घ्या. डीडीआर४ वर चार स्टिक ३२०० ला सहसा विनातक्रार चालतात. डीडीआर५ वर ही मुभा नाही: रायझन ७००० ला एएमडी दोन स्टिकवर ५२०० देते, चार लावल्या की अधिकृत वेग थेट ३६००.

वापरलेली रॅम घेताना लेबल वाचा. सर्व्हरची रजिस्टर्ड डीडीआर४ स्वस्त मिळते, आपल्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतेही, पण मशीन बूट होत नाही. 'पीसी४-३२००' नंतर 'आर' असेल तर ती सोडा, 'यू' हवी.

खटका

वरचं बरोबर आहे. तरी कुणाला एएम५ च घ्यायचं असेल तर १६ ची एकच स्टिक घ्या, ८ च्या दोन नको. डीडीआर५ च्या ८ जीबी स्टिकवर बहुधा चारच रुंद चिप असतात आणि त्यांचे बँक ग्रुप (चिपमधले स्वतंत्र कप्पे) निम्मे, म्हणून दोन चॅनेल (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटा) असूनही ती मंद वाटते. शिवाय नंतर ३२ करताना दोन्ही काढून टाकाव्या लागतात.

आता क्रम. प्रोसेसर, बोर्ड आणि एसएमपीएस एकाच आठवड्यात मागवा. रॅम आहेच, आणि १२४०० ला स्वतःचा डिस्प्ले आहे, म्हणजे या तिघांची परीक्षा लगेच होते. मग एसएसडी, नंतर ग्राफिक्स कार्ड, सर्वांत शेवटी कॅबिनेट. कॅबिनेटची टंचाई कधीच नसते.

बोर्ड हातात आल्यावर प्रोसेसर बसवण्याआधी टॉर्च तिरका धरून सॉकेटकडे बघा. पिनांची चमक ओळीने सारखी दिसली पाहिजे. ओळीत एखादा ठिपका वेगळा चमकला किंवा काळा राहिला तर ती पिन वाकलेली आहे. त्याच क्षणी फोटो काढा, प्रोसेसर ठेवल्यानंतरची तक्रार कुणी ऐकत नाही.

मग बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. प्रोसेसर, कूलर, दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच स्टिक, २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन जोडा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवा. बोर्डावरचा डीरॅमचा दिवा अडकून राहिला तर स्टिक काढून पुन्हा बसवा, दोन्ही टोकं पूर्ण खाली गेली पाहिजेत. (एएम५ वर मात्र पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमध्ये (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यात) काही मिनिटं काळा पडदा राहतो. घाबरून वीज तोडू नका.)

बूट झालं की पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम), चारही पास. आधी साध्या सेटिंगला, मग एक्सएमपी (स्टिकचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) असेल तर ते लावून. साध्या सेटिंगला एक जरी एरर आली तरी स्टिक वाईट धरा. फक्त एक्सएमपीलाच येत असेल तर वेग एक पायरी उतरवून पुन्हा तपासा.

एसएसडी टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) घ्या. क्यूएलसी (चार बिट) ड्राइव्ह भरत आली की कॅश आटते आणि मोठं फुटेज कॉपी करताना वेग कोसळतो. अनोळखी ब्रँड असेल तर एचटूटेस्टडब्ल्यूने पूर्ण क्षमता लिहून-वाचून बघा, खोट्या आकाराच्या ड्राइव्ह तिथेच उघड्या पडतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. १२४०० आणि डीडीआर४ चा बी७६० नक्की करतो. एसएमपीएस नवा घेतला तर जुन्याच्या केबल आधीच नीट ओवलेल्या आहेत, त्याच वापरल्या तर चालेल ना?

तापमापक

अजिबात नको! मॉड्युलर केबलचं ड्राइव्हकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंही प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तारांचा क्रम वेगळा निघतो. केबल छान बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन तुमची साटा एसएसडी क्षणात जळते. जुन्या केबल जुन्या एसएमपीएसबरोबर पिशवीत बांधून ठेवा.

नवा ६५० वॉटचा पुरे. कार्ड निवडताना हिशेब असा: स्लॉटमधून ७५ वॉट आणि प्रत्येक ८ पिनमधून १५० वॉट. एका ८ पिनचं कार्ड म्हणजे कमाल २२५, त्यात १०८०पी आरामात भागतं. व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) मात्र जमलं तर ८ जीबीपेक्षा जास्त बघा. ती भरली की कार्ड तुमच्या त्याच १६ जीबी रॅममध्ये हात घालतं.