मदत हवी आहे: एकाच लघुग्रहाला तीन याद्यांत तीन अक्षरं, खरं कुठलं?

कॉमर्सवाला_बाबा

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने लघुग्रहांचा तक्ता करायला घेतलाय: नाव, प्रकार, कशाचा बनलाय. सी म्हणजे कार्बनवाले, एस म्हणजे दगडी, एम म्हणजे धातूचे, असं मी तिला छातीठोकपणे सांगूनही टाकलं. (आयडी वाचलात ना? मग माझी समज किती ते कळलंच असेल.)

तर गोंधळ असा. सीरीस एका यादीत जी, दुसरीत सी. साइकी एकीकडे एम, दुसरीकडे एक्स, तिसरीकडे एक्सके. ल्युटेशियाचं तर एम, एक्सके आणि एक्ससी. याद्या सगळ्या शास्त्रज्ञांच्याच आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या नाहीत. लेक म्हणते, "बाबा, यातलं चुकीचं कुठलं तेवढं सांग." मला सांगता येईना. कुणी तिकडे न जाता तो कशाचा बनलाय हे कळतं तरी कसं, हाही तिचाच प्रश्न. चार्टपेपर आणून झालाय, रविवारपर्यंत वेळ आहे. कृपया मदत करा.

पोटोबा

एम म्हणजे मराठी. साइकी आपलाच. पळतो.

दुर्बीणवाला

बाबा, चुकीचं एकही नाही. आधी मुलीचा दुसरा प्रश्न घेतो, म्हणजे पहिला आपोआप सुटेल.

लघुग्रहाला स्वतःचा उजेड नसतो, आपल्याला दिसतो तो त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश. परतताना पृष्ठभागावरची खनिजं त्यातले काही रंग जास्त खातात, काही कमी. म्हणून लघुग्रहाचा वर्णपट (कुठल्या रंगाचा उजेड किती आला, याचा आलेख) घ्यायचा आणि त्याला सूर्याच्या वर्णपटाने भागायचं. उरतो तो त्या दगडाचा स्वतःचा रंग. (रात्री सूर्य कुठून आणायचा? सूर्यासारखा एखादा तारा घेतात. हंस तारकासमूहातला १६ सिग्नी बी त्यासाठी नेहमीचा.) आलेखात एक मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास खड्डा दिसला तर ऑलिव्हिन किंवा पायरॉक्सिन ही दगडातली खनिजं. दोन मायक्रॉनजवळही खड्डा असेल तर पायरॉक्सिन नक्की. ०.७ मायक्रॉनजवळ उथळ खळगा असेल तर पाण्याशी संबंध आलेली, लोह असलेली मातीसारखी खनिजं.

आता अक्षरं. १९७५ साली चॅपमन, मॉरिसन आणि झेलनर यांनी सी आणि एस असे दोन मुख्य गट पाडले. तेव्हा अक्षरं खरोखर कार्बन आणि सिलिकेट (दगडी खनिजं) यांवरूनच सुचली होती, तुम्ही लेकीला सांगितलंत ते तिथूनच आलंय. १९८४ मध्ये थोलेन या खगोलशास्त्रज्ञाने आठ रंगांच्या फिल्टरांची निरीक्षणं घेऊन १४ वर्ग केले. हे फिल्टर अतिनील टोकापासून एक मायक्रॉनच्या किंचित पुढेपर्यंत जात, आणि जोडीला तो अल्बेडोही वापरी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी किती परत येतो ते.

तुमच्या गोंधळाचं मूळ या अल्बेडोत आहे. ई, एम आणि पी या तीन वर्गांचे आलेख जवळजवळ सारखे: सपाट, ना खड्डा ना उंचवटा. थोलेनने त्यांना वेगळं केलं ते फक्त उजळपणावरून. ई लख्ख, एम मध्यम, पी कोळशासारखा. पुढे २००२ मध्ये बस आणि बिन्झेल या शास्त्रज्ञांनी सीसीडीने (डिजिटल कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर) ०.४४ ते ०.९२ मायक्रॉनचे वर्णपट घेतले आणि ठरवलं की अल्बेडो बघायचाच नाही, फक्त आलेखाचा आकार बघायचा. मग ई, एम, पी वेगळे कसे करणार? तिघांची रवानगी एक्स नावाच्या एकाच घरात. साइकीचा एम गेला तो असा. २००९ मध्ये डीमेओ आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत २.४५ मायक्रॉनपर्यंत नेली. बारीक खुणांवरून एक्सच्या पुढे के, सी अशी शेपटं लावायला बस आणि बिन्झेल यांनीच सुरुवात केली होती; नव्या यादीत काहींची शेपटं बदलली, म्हणून साइकी एक्सचा एक्सके झाला आणि ल्युटेशिया एक्सकेचा एक्ससी.

सीरीसचंही तसंच. जी वर्गाची ओळख म्हणजे अतिनील बाजूला आलेख जोरात खाली कोसळतो. ०.४४ मायक्रॉनपासून बघायला सुरुवात केली की तो कोसळणारा भाग खिडकीच्या बाहेरच राहतो. उरतो तो सर्वसाधारण सी.

तक्त्यात अक्षरापुढे "कोणाच्या पद्धतीनुसार" असा रकाना करा. परीक्षक खूश होतील.

काळा_फत्तर

दुर्बीणवाल्यांशी सहमत. मी भूशास्त्रवाला, म्हणून दगडाच्या बाजूने थोडी भर.

वर्णपट म्हणजे कातडीचा फोटो. वरचा जेमतेम थर दिसतो, आणि तो उन्हापावसात नाही तरी सौरवाऱ्यात आणि धूलिकणांच्या माऱ्यात रापलेला असतो. एस वर्गाची गंमत सांगतो. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी पाचातले सुमारे चार साध्या कॉन्ड्राइट जातीचे (कधीही न वितळलेले दगड). मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, आतल्या भागात एस वर्गाचे लघुग्रह भरपूर. जोडी जुळायला हवी, पण एसचे आलेख त्या अशनींपेक्षा लालसर आणि खड्डे उथळ. कित्येक वर्षं यावरून वाद चालू होता. मग जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या एस वर्गाच्या लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये आणली, ती निघाली एलएल कॉन्ड्राइट, म्हणजे साध्या कॉन्ड्राइटचाच एक प्रकार. कणांच्या पृष्ठभागावर लोहाचे अतिसूक्ष्म कणही सापडले. लाली त्यांचीच. दगड तोच, फक्त सौरवाऱ्याने रापलेला.

उलट काही वेळा जोडी पहिल्या झटक्यात जुळते. १९७० मध्ये व्हेस्टाचा आलेख बेसाल्टी अशनींसारखा असल्याचं लक्षात आलं. म्हणजे तिथे कधीकाळी लाव्हा वाहिला होता. डॉन यान २०११ मध्ये तिथे पोचलं, त्यानेही तेच दाखवलं. मुलीला सांगा, सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच. पायरॉक्सिनचा नेमका प्रकार वेगळा आणि खड्ड्यांच्या जागा थोड्या सरकतात, पण घराणं एकच. तक्त्याशेजारी दगड ठेवायला व्हेस्टाइतका सोयीचा लघुग्रह दुसरा नाही, घाटात कुठेही मिळेल.

कॉमर्सवाला_बाबा

दोघांचेही मनापासून आभार! दोनदा वाचलं, लेकीने एकदाच वाचून मला समजावलं.

आता एक अडचण. तिने साइकीपुढे मोठ्या अक्षरांत "लोखंडाचा गोळा, एका मोडलेल्या ग्रहाचा गाभा" असं लिहून रंगवूनही झालंय. ते खोडायचं का?

काळा_फत्तर

पूर्ण खोडू नका, पुढे प्रश्नचिन्ह काढा. साइकीची घनता घनसेंटीमीटरला सुमारे ४ ग्रॅम. लोखंडी अशनीची जवळपास ८. म्हणजे एकतर आत पोकळ्या खूप, नाहीतर धातूत दगडाची भेसळ. रडारचा प्रतिध्वनी मात्र चांगला जोरदार येतो, त्यामुळे धातू आहेच. किती, हा प्रश्न. सपाट आलेख हे सांगू शकत नाही, कारण लोखंडाची ठळक अशी खूणच त्यात उमटत नाही.

ल्युटेशियाही थोलेनच्या यादीत एम होता. जुलै २०१० मध्ये रोझेटा यान जवळून गेलं तेव्हा घनता निघाली ३.४. सगळाच लोखंडाचा असता तर इतकी कमी निघाली नसती. एम म्हणजे मेटल हे समीकरण तिथेच डळमळलं.

दुर्बीणवाला

साइकीकडे नासाचं यान ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालंय, २०२९ मध्ये पोचेल. तोवर प्रश्नचिन्ह शाबूत.

आणि सी वर्गासाठी नमुना हवा असेल तर २०१७ मध्ये जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला पडलेल्या अशनीचा फोटो लावा. कार्बनी आहे, सीएम२ जातीचा. शेजारी र्‍युगू या सी वर्गाच्या लघुग्रहाचा फोटो. दोन्ही डांबरासारखे काळे दिसतील, हे सांगायला वर्णपटही लागणार नाही.

पोटोबा

लोखंडाच्या गोळ्याला प्रश्नचिन्ह लावणाऱ्या मुलीला माझ्याकडून एक वडापाव.

कॉमर्सवाला_बाबा

प्रश्नचिन्ह काढलं, लाल स्केचपेनने, गोळ्याएवढंच मोठं. रकानाही वाढवलाय. शनिवारी दगड आणायला घाटात जातोय.