मदत हवी आहे: हार्डवेअर वॉलेट – ट्रेझर सेफ ३ की लेजर नॅनो एस प्लस?

मंडळी नमस्कार,

थोडं बिटकॉइन, थोडं इथर २०२१ पासून एका भारतीय एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर) पडून आहे. रक्कम आमच्यासाठी लहान नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. तेव्हापासून नवरा मागे लागलाय, हे आपल्या ताब्यात घे म्हणून. पटतंय, पण हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण, कोणतं घ्यायचं इथे गाडी अडली आहे.

वाचून जे समजलं ते लिहिते, चुकत असेन तर सांगा. ट्रेझर प्रागची कंपनी, २०१४ पासून बाजारात, फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) कुणालाही वाचायला खुलं. जुन्या मॉडेलांत किल्ली जपणारी सुरक्षित चिप नव्हती. क्रॅकेन या एक्स्चेंजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की उपकरण हाती लागलं तर साधारण १५ मिनिटांत आतली किल्ली काढता येते. सेफ ३ मध्ये मात्र वेगळी सुरक्षित चिप आहे. लेजर फ्रेंच. चिप दणकट, पण फर्मवेअरचा महत्त्वाचा भाग बंद. शिवाय २०२० मध्ये त्यांच्या ऑनलाइन दुकानाचा डेटा फुटून सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर आले आणि पुढे काहींच्या घरी पोस्टाने चक्क नकली लेजर पोचले. २०२३ च्या ‘रिकव्हर’ योजनेत किल्लीचे तीन तुकडे तीन कंपन्यांकडे ठेवतात म्हणे. सक्ती नाही, मान्य, पण किल्ली उपकरणाबाहेर जाऊ शकते हेच मला खटकतं. कोल्डकार्ड या तिसऱ्या वॉलेटचं कौतुक खूप ऐकलं, पण ते फक्त बिटकॉइनचं.

आता घरची अडचण. आम्ही सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरची कागदपत्रं गेली. किल्ली परत मिळवण्यासाठी उपकरण जे २४ शब्द देतं ते कागदावर लिहून कपाटात ठेवायचे, ही कल्पनाच मला झोपू देणार नाही. बँकेचा लॉकर आहे, पण शाखाही त्याच पट्ट्यात. फोटो काढून ईमेलवर ठेवू नये एवढं कळतं. तुम्ही लोक काय करता?

आणि एक: एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवलं तर ३० टक्के कर किंवा १ टक्का टीडीएस लागतो का?

– कृष्णाकाठची

जुना_गडी:
ताई, अभ्यास चांगला केलाय. तुमच्या गरजेला दोन्ही चालतील. मी असतो तर सेफ ३ घेतलं असतं, कारण खुलं फर्मवेअर. घरात आयफोन असेल तर आधी नीट बघा. नॅनो एस प्लस केबलवर चालतं, आयफोनला जोडता येत नाही. त्यासाठी त्यांचं ब्लूटूथवालं मॉडेल लागतं. अँड्रॉइड किंवा लॅपटॉप असेल तर प्रश्न नाही.

सुरुवातीला एक गोष्ट जरूर बघा. ट्रेझर आता २० शब्दांची वेगळी पद्धतही देतं आणि ते शब्द लेजरमध्ये चालत नाहीत. उद्या कंपनी बदलावीशी वाटली तर अडायला नको, म्हणून सेटअप करतानाच १२ किंवा २४ शब्दांचा पर्याय निवडा. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात. त्यामुळे स्टीलच्या पट्टीवर चार-चार अक्षरं ठोकली तरी पुरतं. पूर येवो, आग लागो, पट्टी टिकते. आमच्याकडे एक पट्टी घरी, दुसरी दुसऱ्या गावी भावाकडे, आणि पासफ्रेज (त्या शब्दांच्या जोडीला आपण ठरवलेला जादा परवलीचा शब्द) वेगळाच, तो भावाला माहीत नाही. पासफ्रेज विसरलात तर मात्र ब्रह्मदेवही काही करू शकणार नाही. नवऱ्याला तो ठाऊक हवा.

लॉकरचं म्हणाल तर २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आग, चोरी, दरोडा अशा प्रकरणांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच, आणि पुरासारख्या आपत्तीत बँक हात वर करू शकते. सगळं तिथेच ठेवू नका.

सीए_मावशी:
कराचं मी सांगते. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे ३० टक्के कर नाही की १ टक्का टीडीएस नाही. पण विड्रॉअल फी नाण्यांतच कापतात, तिची नोंद ठेवा. खरेदीची तारीख, किंमत, एक्स्चेंजचं स्टेटमेंट आत्ताच उतरवून घ्या. एक्स्चेंज बंद पडलं तर खरेदी किंमत सिद्ध करायला तेच लागेल. हलवण्याआधी तुमचं एक्स्चेंज नाणी बाहेर काढू देतं का तेही विचारा. काही ठिकाणी फक्त रुपये काढता येतात.

कृष्णाकाठची:
दोघांचेही खूप आभार. सेफ ३ जवळपास नक्की. इथल्या एका ऑनलाइन बाजारात निम्म्या किमतीत ‘सीलबंद’ दिसतंय, घेऊ का?

जुना_गडी:
अजिबात नको! कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिथूनच घ्या. डब्यात आधीच छापलेले शब्द निघाले तर तो सापळा समजा. शब्द उपकरणाने तुमच्यासमोर पडद्यावर तयार करायला हवेत. मग ट्रेझर स्वीट या कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये उपकरणाच्या खरेपणाची तपासणी करा.

पैसे हलवताना एक्स्चेंज नेटवर्क विचारेल. बिटकॉइनला बिटकॉइनचंच नेटवर्क निवडा. स्वस्त फी दिसते म्हणून बीईपी२० (बायनान्सच्या साखळीचं नेटवर्क) निवडाल तर निस्तरत बसावं लागेल. पत्ता लॅपटॉपवर दिसतो तोच उपकरणाच्या छोट्या पडद्यावर आहे का, अक्षर-अक्षर ताडून बघा. वझीरएक्सच्या निवेदनाप्रमाणे तिथेही घोळ हाच होता: पडद्यावर दिसत होतं एक, सही झाली दुसऱ्यावरच. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, ती पोचली की उपकरण मुद्दाम रिसेट करा आणि पट्टीवरच्या शब्दांवरून परत उभं करून बघा. शिल्लक दिसली की उरलेलं हलवा. हे सगळं नवऱ्याकडूनही एकदा करून घ्या.