शंका आली की साधना थांबवायची का?

सांजवात:
दोन वर्षांपूर्वी प्रार्थना कोरडी वाटायला लागली. ओठ हलायचे, आत काहीच हलायचं नाही. एका वडीलधाऱ्यांकडे मन मोकळं केलं, तर म्हणाले, "तुझी श्रद्धा कमी पडतेय." त्यानंतर महिनाभर मी बसलेच नाही. मग पुन्हा सुरू केलं, पाचच मिनिटं आणि शंकेसकट. आता माझं मत असं आहे की शंका आली म्हणून साधना सोडू नये, आणि साधना चालू आहे म्हणून शंका दाबूही नये. पतंजलींनी नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितलेत (योगसूत्रे १.३०). त्यांत संशय आहे, आणि यादीत पहिली आहे व्याधी. आजारी माणसाला आपण दोष देत नाही, त्याला जपतो. तुम्हाला काय वाटतं?

प्रश्नचिन्ह:
असहमत. शंकेला आजार म्हटलं की शंका घेणारा रोगी ठरला, आणि बरं होणं म्हणजे पुन्हा विश्वास बसणं हेही आधीच ठरलं. मग तो शोध कसला? मी श्रद्धा सोडली ती आळसानं नाही. सहा वर्षं "धीर धर" ऐकलं. त्या धीराला मुदत कुणीच सांगत नाही. अनुभव आला तर श्रद्धेचं फळ, नाही आला तर माझा धीर कमी, म्हणजे चूक कायम माझीच. आणि गीताच म्हणते, 'संशयात्मा विनश्यति', म्हणजे संशयी माणसाचा नाश होतो (४.४०). घाबरवून टिकवलेल्या श्रद्धेला जपलेली कसं म्हणायचं?

सांजवात:
रोग्याचा मुद्दा मान्य, माझी उपमा तिथे लंगडी पडते. पण चौथ्या अध्यायावर थांबू नका. सहाव्यात अर्जुन विचारतो, श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरे पडले, मन योगापासून ढळलं, अशा माणसाचं काय होतं? फुटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो का? हा माझा संशय पुरता छेदून टाक, असं तो स्पष्ट म्हणतो (६.३९). कृष्ण रागावत नाही. 'तात' म्हणून हाक मारतो आणि सांगतो, चांगलं करू पाहणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही. आणि शेवटी, सगळं सांगून झाल्यावर, 'यथेच्छसि तथा कुरु', म्हणजे तुला हवं तसं कर (१८.६३). यात मला धमकी दिसत नाही.

काठावरचा:
मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. आत अंधार आहे, देव जाणवत नाही, असं त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. काम मात्र त्यांनी थांबवलं नाही. मला यातून सांजवात यांची बाजू पटते: जाणीव आटली तरी नेम टिकू शकतो.

प्रश्नचिन्ह:
मला त्याच पत्रांतून उलटं दिसतं. इतकी वर्षं एकट्यानं सोसावं लागलं, कारण उघड बोलायची सोय नव्हती. त्यांनी काम केलं याबद्दल आदर आहेच. पण जे दुःख वाटून घेता आलं असतं ते लपवायला लागलं, त्याला आपण साधना म्हणू नये. माझ्या घरी कुणी एकदा जरी "तुझा प्रश्न बरोबर आहे, मलाही पडतो" असं म्हणालं असतं, तर कदाचित मी आज तुमच्या बाजूला असतो.

सांजवात:
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या बाबतीत ते वाक्य मला एका मैत्रिणीकडून मिळालं, म्हणून मी परत बसू शकले. माझ्या चिकाटीचं श्रेय मी स्वतःकडे घेत होते, ते पूर्ण खरं नाही. मुदतीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. स्वतःपुरती एक खूण ठेवली आहे: जिथे प्रश्न विचारायची भीती वाटेल तिथून उठायचं. अजून तशी वेळ आलेली नाही, म्हणून बसते आहे. आणि तुमचा प्रश्न बरोबर आहे, प्रश्नचिन्ह. मलाही पडतो.