तक्रार द्यायला आलेल्या सेक्स वर्करला अटक करू नये, पटतं का?

निशाचर: सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ मध्ये पोलिसांनी धोरण आणलं की बलात्कार, मारहाण, लूट, अपहरण असल्या गुन्ह्याची तक्रार किंवा साक्ष द्यायला सेक्स वर्कर आली तर धंद्यावरून तिलाच आत टाकायचं नाही. मग अख्ख्या कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला, १ जानेवारी २०२० पासून लागू, पर्समध्ये कंडोम सापडले म्हणून अटक करायची नाही हेही त्यात आलं. मला तर उशीरच झाला असं वाटतं.

आडमुठा: नाही पटत. तिथे धंदा अजून बेकायदेशीर आहे ना? मग उद्या चोर येऊन म्हणेल मला कोणीतरी भोसकलं, माझी चोरी सोडा. एकतर सरळ कायदेशीर करा नाहीतर कायदा पाळा, हे अधलंमधलं काय. आणि दलाल याचा फायदा उठवणार नाहीत कशावरून?

निशाचर: दलालाचा संबंधच नाही, सूट किरकोळ कलमांपुरती आहे, दलाली तिकडे मोठा गुन्हा आहे. आणि चोराचं उदाहरण गंडलंय, चोरीत दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान झालेलं असतं. गॅरी रिजवे माहितीय ना, सिॲटलच्या आसपास ४९ खून केले, त्याने स्वतःच सांगितलं की अशा बायका निवडल्या कारण गायब झाल्या तरी लवकर कोणी तक्रार करणार नाही. म्हणजे हल्ला करणाऱ्याने पोलिसांचा हिशेब आधीच धरलेला असतो, आणि आज हिला मारून सुटलेला उद्या कोणालाही मारेल.

आडमुठा: खोट्या तक्रारींचं काय मग? पकडली गेली की म्हणायचं गिऱ्हाइकाने मारलं.

फटकळ: खोटी तक्रार हा वेगळा गुन्हा आहेच की, त्याला कुठे सूट दिलीय. माझा आक्षेप उलटाच आहे. नुसतं धोरण असेल तर साहेब बदलला की बदलू शकतं, म्हणून कायदा हवाच, पण भीती काय फक्त अटकेची असते का? घरमालक हाकलेल, पोरांचा ताबा जाईल, व्हिसाचं लफडं असेल तर ते वेगळंच, आणि त्रास देणारा वर्दीतलाच निघाला तर ती जाणार कुठे, त्याच्याच ठाण्यात? इंग्लंडमध्ये मर्सीसाइड पोलीस २००६ पासून सेक्स वर्करवरचे हल्ले हेट क्राइम, म्हणजे एखाद्या गटाच्या द्वेषातून केलेला गुन्हा, धरतात. तुला अटक करणार नाही एवढ्यावर न थांबता तुझी केस मनावर घेऊ म्हणतात, हे मला जास्त कामाचं वाटतं.

आडमुठा: हेट क्राइम?? म्हणजे आता धंदा ही पण ओळख झाली, धर्म किंवा वंशासारखी. मारहाण ती मारहाण, कोणालाही झाली तरी तपास सारखाच हवा.

फटकळ: सारखा होत असता तर हा धागा निघाला असता का?

आडमुठा: तपास होत नसेल तर तपास न करणाऱ्या हवालदाराला सस्पेंड करा ना, त्यासाठी वेगळी कॅटेगरी कशाला.