पूर ओसरला, पाणी निवळलं, म्हणजे लगेच गळ टाकायचा का?

गुडघाभर_पाणी:
काल इथे एकाने लिहिलं, "वाहतं पाणी स्वतःला साफ करतं, पूर ओसरून दोन दिवस झाले की बिनधास्त गळ टाका, भित्र्यांनी घरी बसा." तर मी तो भित्रा. मागच्या पुरानंतर असाच बिनधास्त उतरलो होतो, टाचेवर चपलेने घासलेलं नखाएवढं खरचटलं होतं फक्त. आठवडाभराने हुडहुडी, डोळे लालभडक आणि पोटऱ्या अशा ठणकायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जंतूंमुळे येणारा ताप. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि अशाच खरचटल्यातून आत शिरतो. लक्षणं दिसायला २ ते ३० दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी "मला तर काही झालं नाही" सांगायला येऊ नका. आणि पाणी निवळतं म्हणजे काय तर गाळ खाली बसतो, त्याच्याबरोबर बरेच जंतूही खाली बसतात, आणि आपण नेमके तिथेच पाय रोवून उभे.

रीळवाला:
तो "एकाने" म्हणजे मी, सरळ नाव घ्या की. ३० वर्षं गळ टाकतोय राव. पाणी उतरायला लागलं की मासा काठाला येतो आणि गांडुळावर तुटून पडतो, ते दिवस घरी बसून घालवायचे? आणि नीट शिजवल्यावर कुठला जंतू उरतो? तुम्हाला लेप्टो झाला त्यात माशाचा काय दोष, चप्पल बदला.

तळ्याकाठची:
शिजवून जंतू मरतात, पारा नाही मरत. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विषही नाही, आणि ते शेवाळ पुरात वाहून आलेल्या खतावर नंतर ऊन पडलं की माजतं, म्हणजे तुमच्या दोन दिवसांच्या कितीतरी पुढे. बरं, स्वतःला साफ करण्याबद्दल, ऑस्ट्रेलियात मेनिंडीजवळ डार्लिंग नदीत मार्च २०२३ मध्ये लाखो मासे मेले, पुराने आणलेला पालापाचोळा कुजला आणि त्यात उकाडा, पाण्यातला ऑक्सिजनच संपला. नदीने साफ केलं खरं, मासे साफ केले.

शून्यमासा:
ताई, पारा एका पुरात नाही चढत हो माशात, वर्षानुवर्षं साचतो, मोठ्या शिकारी माशांत जास्त. उगीच सगळं एका पिशवीत कोंबू नका. पुरानंतरची खरी घाण म्हणजे मैला. जुन्या शहरांत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपात असतं, पाऊस कोसळला की सगळं थेट नदीत. पण विषाचा विषय निघालाच आहे तर शिशाबद्दल कोणी बोलणार का? दोरी तुटली की गळ बुडावा म्हणून लावलेल्या शिशाच्या गोळ्या तळाशी कोण सोडतं? आपणच ना?

रीळवाला:
आलं का शिसं! दर पावसाळ्यात येतं.

शून्यमासा:
येणारच. इंग्लंडमध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे, हंस खडे समजून गिळायचे आणि मान टाकायचे. आपण अजून "शिसं लवकर बुडतं" एवढ्यावरच अडकलोय.

रीळवाला:
बुडतंच लवकर! टंगस्टन परवडत नाही, कथील हलकं पडतं. आणि मी तर गोळी दातानेच दाबून बसवतो, माझे वडीलही तसंच करायचे, त्यांना काय झालं?

शून्यमासा:
वडिलांना मध्ये आणू नका, मग मी काही बोललो की तुम्हाला राग येणार.

रीळवाला:
आलाच आहे. दोन मासे नाही मिळाले आयुष्यात आणि शिकवायला बसलेत. नाव बरोबर ठेवलंय.

तळ्याकाठची:
धागा पुरावर आहे, विसरलात का दोघं?

गुडघाभर_पाणी:
नाही नाही, थांबा. दाताने? म्हणजे पुराच्या पाण्यात बुचकळलेली बोटं, त्याच बोटांनी गांडूळ लावलं, त्याच बोटांत गोळी, आणि गोळी तोंडात? अहो, मासा शिजवता ते ठीक, बोटं कधी शिजवलीत? मी इथे टाचेवरचं खरचटलेलं घेऊन रडतोय आणि तुम्ही मैला सरळ दातांखाली घेताय, वर शिसं चवीला.

रीळवाला:
बरं बाबा, उद्यापासून पकड नेतो. साबण, गमबूट, सगळं नेतो, आणखी काही आणू का तुमच्यासाठी? शिसं मात्र सोडणार नाही, ते त्या शून्यवाल्याला सांगा.

तळ्याकाठची:
म्हणजे मागच्या पुरानंतर तुम्ही आठवडाभर गायब होतात ते...

रीळवाला:
पोट बिघडलं होतं. बाहेरचं खाल्लं म्हणून, असं घरी सांगितलंय. बाहेरचं काही खाल्लं नव्हतं. आता तो विषय इथे काढू नका.